यंत्र उलटेल, हे गृहीत धरा

डंपर, टिपर, रोलर किंवा ट्रॅक्टर उलटून माणूस दगावल्याची बातमी येते तेव्हा तिच्यात एक वाक्य हमखास असते: चालकाचा ताबा सुटला. पंचनाम्यात ते असते, कंपनीच्या अहवालात असते, घरच्यांना निरोप देणाऱ्याच्या तोंडीही तेच असते. हे वाक्य कारण सांगितल्याचा आव आणते आणि चौकशी तिथेच थांबवते. ताबा का सुटला हे कोणी विचारत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही: ताबा सुटला हे मान्य, पण मग माणूस का मेला?

या लेखात माझे म्हणणे असे आहे. उतारावर, भरावावर, ओल्या मातीवर काम करणारे जड यंत्र कधी ना कधी कलंडणार, ही त्या कामातली ओळखीची आणि आधीच मोजता येणारी शक्यता आहे. ती मान्य करून आसनाभोवती माणूस जिवंत राहील एवढी जागा राखणे हे यंत्राच्या मालकाचे कर्तव्य आहे. आणि हे कर्तव्य यंत्राला चिकटलेले असले पाहिजे. आज ते यंत्र ज्या कुंपणाच्या आत उभे असते त्या कुंपणाला चिकटलेले आहे. कुंपण ओलांडले की संरक्षण संपते, उलटण्याची शक्यता मात्र तीच राहते.

## भूमितीला ताबा कळत नाही

कोणतेही वाहन उभे राहते ते दोन मापांवर: दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा चाकांच्या पायाबाहेर पडली की यंत्र उलटते. त्या क्षणी स्टिअरिंगवर तीस वर्षांचा अनुभव असलेला चालक आहे की कालच लागलेला पोरगा, याने काहीही फरक पडत नाही.

खाणीतली आणि बांधकामावरची बहुतेक यंत्रे आपले नेमून दिलेले काम करतानाच या मर्यादेच्या जवळ जातात. टिपरचा हौदा वर गेला की सगळा माल उंच उचलला जातो आणि गुरुत्वमध्यही त्याच्याबरोबर वर जातो. जमीन एका बाजूला थोडी जरी बसलेली असेल तरी ती उंची तो कल वाढवते. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी या भागात, कोळशाच्या वर काढायच्या थरांत काळी माती असते. पावसाळ्यात ती हौद्याच्या एका कोपऱ्याला चिकटून बसते. बाकीचा माल सुटतो, तो गोळा सुटत नाही, आणि उचललेल्या हौद्याच्या एकाच अंगाला काही टन वजन लटकत राहते. चालकाने यात कोणता नियम मोडला?

ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्याची कड घ्या. ताज्या मातीचा ढीग वरून सपाट आणि भक्कम दिसतो, पण खालून कोणी पोकलेनने माती उचलली असेल किंवा पावसाचे पाणी मुरले असेल तर कडेपासून काही अंतर आत भेग पडलेली असते. रात्रपाळीत मागे येणाऱ्या डंपरच्या चालकाला ती आरशात दिसत नाही. पाणी मारणारा टँकर अर्धा भरलेला असेल तर वळणावर आतले पाणी बाहेरच्या अंगाला धावते आणि गुरुत्वमध्य स्वतःहून सरकतो. त्याच टँकरने भिजवलेला रस्ता पुढच्या डंपरला निसरडा होतो.

रस्त्याच्या भरावावरचा रोलर हे मला या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण वाटते. भरावाची कड नीट दाबली गेली नाही तर रस्ता पुढे खचतो, म्हणून कामाच्या अटीच सांगतात की दाबाई कडेपर्यंत झाली पाहिजे. म्हणजे भरावातली सर्वांत कच्ची जागा कोणती हे अभियंत्याला ठाऊक आहे, आणि कित्येक टनांचे कंप पावणारे यंत्र नेमके तिथे पाठवणे हे कामाचे स्वरूपच आहे. अशा जागी कड ढासळली तर तिला चालकाची चूक म्हणणे अन्यायाचे आहे.

वेळेचा हिशेबही पाहावा. ओढ बसून ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटतो तेव्हा पुढची चाके उचलल्यापासून परतीची वाट बंद होईपर्यंत साधारण पाऊण सेकंद जातो. काय होते आहे हे ओळखून पाय क्लचवर नेऊन तो दाबायला माणसाला एवढाच किंवा याहून जास्त वेळ लागतो. प्रशिक्षणाने माणूस धोक्याच्या जागी जाण्याआधी थांबायला शिकतो, ते फार मोलाचे आहे. पण एकदा कलंडणे सुरू झाले की प्रशिक्षणाला करण्यासारखे काही उरत नाही. तिथून पुढे जे काही करायचे ते पोलादाने करायचे असते.

## चौकटीची खरी कामगिरी

या पोलादी चौकटीला उद्योगात रॉप्स म्हणतात, म्हणजे रोल-ओव्हर प्रोटेक्टिव्ह स्ट्रक्चर. वरून दगड पडण्यापासून वाचवणाऱ्या छताला फॉप्स म्हणतात. दोन्ही एकच आहेत असा अनेक साइट-अभियंत्यांचाही समज असतो, आणि त्याहून मोठा गैरसमज म्हणजे मजबूत केबिन म्हणजे जाड, न वाकणारी केबिन.

रॉप्सने वाकायचे असते. उलटणाऱ्या यंत्राची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी; चौकट ताठ राहिली तर ती ऊर्जा जोड तोडेल किंवा आत बसलेल्या माणसाच्या मानेवर जाईल. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३४७१, चौकटीकडून दोन उलट गोष्टी एकदम मागते: वाकून ऊर्जा शोषायची, पण बसलेल्या माणसाच्या आकाराची एक ठरवून दिलेली जागा आहे तिच्यात शिरायचे नाही. चाचणीत आधी बाजूने भार देतात, मग वरून, मग पुढून किंवा मागून. आणि तिन्ही भार त्याच एका चौकटीवर, मध्ये काहीही सरळ न करता. वरून द्यायचा भार यंत्राच्या वजनाच्या दुप्पट असतो. थंडीत पोलाद ठिसूळ होऊन तडकू नये म्हणून शून्याखालच्या तापमानातल्या गुणांचीही अट असते. फॉप्सच्या चाचणीत वजनदार गोळा छतावर सोडतात: हलक्या पातळीला १,३६५ ज्यूल ऊर्जेचा आघात, दगड-झाडांच्या कामासाठीच्या जड पातळीला ११,६०० ज्यूल.

यातून काही व्यवहारी गोष्टी निघतात. एकदा उलटलेल्या यंत्राची चौकट सरळ करून पुन्हा वापरता येत नाही, कारण तिची वाकण्याची ताकद खर्च झालेली असते. चौकटीला दिवा लावायला भोक पाडणे किंवा फायर एक्स्टिंग्विशरचा पट्टा वेल्डिंग करणे म्हणजे चाचणी झालेली वस्तू बदलून टाकणे. आणि चार पाइपांवर बसवलेला पत्रा, ज्याला बाजारात कॅनपी म्हणतात, तो उन्हाचे छप्पर आहे. लांबून तो चौकटीसारखा दिसतो. खऱ्या चौकटीवर उत्पादकाची पट्टी असते, तिच्यावर मानकाचा क्रमांक आणि ही चौकट किती वजनाच्या यंत्रापर्यंत चालेल तो आकडा लिहिलेला असतो. पट्टी नसेल तर ती चौकट नाही असेच धरावे.

हे सगळे नवे नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टरखाली चिरडून मरणे जवळजवळ संपले. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये आपली चौकट बाजारात आणली आणि तिचे पेटंट प्रतिस्पर्ध्यांनाही मोफत वापरू दिले. त्याच देशात १९७० च्या दशकात आधी बांधकामाच्या यंत्रांना, मग शेतीच्या ट्रॅक्टरना कायद्याने ती लागू झाली. प्रश्न ज्ञानाचा असता तर तो अर्ध्या शतकापूर्वीच सुटला असता.

मानकाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ही चाचणी ज्या प्रसंगासाठी आहे तो असा: ताशी १६ किलोमीटरपर्यंतचा वेग, जास्तीत जास्त ३० अंशांचा कठीण मातीचा उतार, उताराशी संपर्क न सोडता एक पूर्ण पलटी, आणि आत आसनाचा पट्टा बांधलेला चालक. खाणीतल्या उभ्या बेंचवरून थेट खाली कोसळणाऱ्या डंपरला कोणतीही चौकट वाचवण्याची हमी देत नाही. म्हणून खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्याच्या कडेचा मातीचा बंधारा, तिथे ज्याला बर्म म्हणतात, तो चौकटीला पर्याय नाही आणि चौकट बर्मला पर्याय नाही. बर्म यंत्राला कड ओलांडू देत नाही. यंत्र रस्त्यातच किंवा ढिगाऱ्यावर पलटले तर चौकट माणसाला वाचवते.

## पट्ट्याविना चौकट

वर लिहिलेल्या शेवटच्या अटीकडे पुन्हा पाहू: पट्टा बांधलेला चालक. चौकट एक जागा राखते. माणूस त्या जागेत असेल तरच तिचा उपयोग. पट्टा नसेल तर पलटी घेताना चालक आसनावरून उडतो आणि पुष्कळदा चौकटीच्याच खाली सापडतो. अमेरिकेतल्या शेती-सुरक्षेच्या क्षेत्रात वारंवार दिला जाणारा अंदाज असा की, चौकट आणि पट्टा दोन्ही असतील तर मृत्यू टळण्याची शक्यता सुमारे ९९ टक्के, नुसती चौकट असेल तर ७० च्या आसपास.

आपल्याकडच्या चालकांचा पट्ट्याला विरोध असतो आणि तो अडाणीपणाचा नाही. वर्षानुवर्षे चौकट नसलेल्या यंत्रांवर काम केलेल्या माणसाला उडी मारणे हाच एक मार्ग ठाऊक असतो, आणि चौकट नसेल तेव्हा तो योग्यही असतो. उघड्या यंत्रावर पट्टा बांधणे म्हणजे त्या लोखंडाखाली स्वतःला बांधून घेणे. म्हणून आधी चौकट, मग पट्टा हा क्रम आहे. पट्ट्याची सक्ती करणारे फलक लावायचे आणि यंत्र मात्र कॅनपीचे ठेवायचे, हे मी गुन्ह्याच्या जवळचे मानतो.

याला आणखी एक बाजू आहे, ती कोणत्याही परदेशी पुस्तकात ठळकपणे सापडणार नाही. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. काळ्या कोळशाच्या खड्ड्यात, इंजिनाशेजारी, काचबंद केबिनमध्ये आठ तास बसणे अशक्य असते. वातानुकूलन बंद पडलेले असेल तर चालक दार उघडे बांधून ठेवतो, काच काढून टाकतो, पट्टा सोडतो. त्या क्षणी लाखो रुपयांची चाचणी झालेली केबिन निकामी होते. आपल्या हवामानात केबिनचे वातानुकूलन ही सुखसोय नाही, तो रॉप्सचाच भाग आहे. ते बंद असेल तर ब्रेक नादुरुस्त असल्यासारखेच यंत्र उभे केले पाहिजे.

## एक यंत्र, चार हद्दी

मी हे भोपाळच्या हबीबगंजमधून लिहितो आहे, आणि कुंपणांचा मुद्दा इथून फार स्पष्ट दिसतो. इथल्या रेल्वे स्थानकाची पुनर्बांधणी झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते राणी कमलापती या नावाने खुले झाले. याच भागातून मेट्रोचे खांबही उभे राहिले. इथून दक्षिणेला निघालेली गाडी मंडीदीप, ओबेदुल्लागंज, बरखेडा करत घाट उतरते आणि बुधनीला नर्मदेच्या काठी पोहोचते. त्या घाटातही तिसऱ्या मार्गासाठी डोंगर फोडून बोगदे काढले गेले. शहराबाहेर दगडाच्या खाणी आहेत, मुरमाचे खड्डे आहेत, आणि त्यापलीकडे लगेच गव्हाची आणि सोयाबीनची शेते.

आता भाड्याने फिरणारे एक जेसीबी यंत्र घ्या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत मेट्रोच्या कामावर ते इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखाली यायचे. दगडाच्या मोठ्या खाणीत गेले की १९५२ चा खाण कायदा आणि धनबादला मुख्यालय असलेले खाण सुरक्षा महासंचालनालय, डीजीएमएस. मुरमाच्या उथळ खड्ड्यात गेले तर खाण कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू नव्हत्या, कारण खोली सहा मीटरपर्यंत, माणसे पन्नासपर्यंत आणि स्फोटके नाहीत अशा मुरूम-मातीच्या कामांना त्या कायद्याने सूट दिली होती. आणि शेततळे खोदायला शेतात गेले तर बांधावर कोणीच निरीक्षक नाही. चारही ठिकाणी यंत्र तेच, चालक तोच, गुरुत्वाकर्षणही तेच. माणसाला चिरडायला सहा मीटर लागत नाहीत. उलटणाऱ्या यंत्राला त्याच्या स्वतःच्या उंचीएवढी खोली पुरते.

रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये बांधकाम यंत्रांच्या सुरक्षेचे नियम अधिसूचित केले. पहिला टप्पा एप्रिल २०२१ पासून, दुसरा एप्रिल २०२४ पासून. हे पाऊल चांगले आहे, आणि नियम यंत्राला बांधलेला असल्याने दिशाही बरोबर आहे. पण त्याची व्याप्ती बघा. मोटार वाहन नियमांतली बांधकाम यंत्राची व्याख्या रबरी टायरवर किंवा पोलादी ड्रमवर चालणाऱ्या यंत्रांची आहे. साखळीवर चालणारी पोकलेन आणि बुलडोझर तिच्यात बसत नाहीत. दुसरे असे की हे नियम नव्या यंत्रांसाठी आहेत. आपल्याकडे जड यंत्र एका मालकाकडे जन्म काढत नाही. मोठ्या कंपनीकडून ते मध्यम ठेकेदाराकडे, तिथून तालुक्याच्या गावातल्या छोट्या मालकाकडे जाते, आणि प्रत्येक पायरीवर ते जुने होते, उताराचे काम वाढते, देखरेख कमी होते. म्हणजे सर्वांत असुरक्षित यंत्र सर्वांत असुरक्षित जागी पोहोचते.

खाणीच्या आतही एक अदृश्य कुंपण आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स, जिचे मुख्यालय नागपूरला आहे आणि खाणी विदर्भात व मध्य प्रदेशच्या छिंदवाडा-बैतूल पट्ट्यात आहेत, किंवा सिंगरौलीची नॉर्दर्न कोलफिल्ड्स, यांच्या स्वतःच्या मोठ्या डंपरच्या केबिन खाणीच्या मानकांनुसार येतात. पण माती काढण्याचे फार मोठे काम ठेकेदारांकडे गेले आहे आणि ते रस्त्यावरच्या ट्रकच्या सांगाड्यावर हौदा चढवलेल्या टिपरने चालते. रस्त्यावरच्या ट्रकच्या केबिनची चाचणी वेगळ्या अपघातासाठी असते. यंत्राच्या वजनाच्या दुप्पट भाराचा हिशेब तिच्यात नसतो. खाणीतल्या एकाच रस्त्यावर एकामागून एक जाणाऱ्या दोन चालकांपैकी एकाला खाणीचे संरक्षण आणि दुसऱ्याला महामार्गाचे, हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे? फक्त पगाराच्या पावतीवर कोणाचे नाव आहे यावर.

## बुधनीच्या वाटेवरचा प्रश्न

शेतीचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण बांधकामावरचा नि खाणीवरचा चालक बहुतेक वेळा शेतातल्या ट्रॅक्टरवरच शिकलेला असतो. बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था १९५५ पासून आहे. देशात विकले जाणारे ट्रॅक्टर तिथल्या चाचणीतून जातात. भोपाळच्याच नबीबाग भागात १९७६ पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे आणि शेतीतली सुरक्षा व श्रमशास्त्र यांवरच्या अखिल भारतीय प्रकल्पाचे समन्वयन तिथूनच चालते. म्हणजे हबीबगंजच्या उत्तरेला अपघातांचा अभ्यास होतो, दक्षिणेला ट्रॅक्टर तपासले जातात, आणि मधल्या रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर बहुधा उघडा असतो.

अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९८५ पासून जवळजवळ प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला रॉप्स आणि पट्टा बसवण्याचे स्वतःहून मान्य केले. भारतात बनलेला ट्रॅक्टर तिकडे विकला जातो तेव्हा त्याला चौकट असते. इथल्या शेतकऱ्याला तोच कारखाना चौकट नसलेला ट्रॅक्टर देतो. मळणी यंत्रात हात गेले तेव्हा आपल्या संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. ट्रॅक्टरखाली छाती चिरडते तेव्हा तेवढी हालचाल झालेली नाही. का, याचे उत्तर मला एकच दिसते: तुटलेला हात यंत्राने तोडला असे दिसते, उलटलेला ट्रॅक्टर चालकाने उलटवला असे दिसते. पुन्हा तेच वाक्य.

## ज्यांना आसनच नाही

चौकट एका आसनाभोवती जागा राखते. एक आसन, एक जीव. बाकीचे कुठे बसतात?

२० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा, लोखंडी सळया भरलेला टिपर उलटला. त्याच टिपरमध्ये मजूर बसले होते. १३ जण गेले. २ जून २०२४ च्या रात्री मध्य प्रदेशात राजगढ जिल्ह्यात वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली आणि १३ माणसे गेली. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांचा ट्रॅक्टर विहिरीत पडून सात जणी बुडाल्या. या अपघातांत जगातली सर्वोत्तम केबिन असती तरी हौद्यातली आणि ट्रॉलीतली माणसे वाचली नसती.

काही लोक यावरून म्हणतात की मग रॉप्सचा आग्रह हा फक्त चालकापुरता आहे. मला उलटे वाटते. संरक्षित आसनाची कल्पना एकदा स्वीकारली की तिच्यातून दुसरा नियम आपोआप निघतो: ज्याच्यासाठी संरक्षित आसन नाही, त्याने यंत्रावर चढायचे नाही. मग मजुरांना कामावर नेण्यासाठी वेगळे वाहन देणे हा ठेकेदाराचा खर्च ठरतो, आणि तो खर्च निविदेत दाखवावा लागतो. आज तो खर्च शून्य आहे कारण सळयांच्या ढिगावर जागा फुकट मिळते.

## आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. छोट्या मालकाने, हप्त्यावर घेतलेल्या जुन्या यंत्राच्या धन्याने, चौकट कशी बसवायची? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून शेतकऱ्यांना जुन्या ट्रॅक्टरवर चौकट बसवण्याच्या खर्चाचा सुमारे ७० टक्के परतावा देण्याची योजना सुरू झाली आणि पुढे ती इतर राज्यांत गेली. आपल्याकडे तर त्यासाठी नवी तिजोरीही लागत नाही. शेती यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानातून २०१४-१५ पासून यंत्रांवर अनुदान दिले जाते. सार्वजनिक पैशाने घेतलेला ट्रॅक्टर चौकटीशिवाय नको एवढी एक अट त्यात घालता येते. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर उपकर गोळा होतो. त्यातला वाटा जुन्या यंत्रांच्या चौकटींसाठी का जाऊ नये? मजूर जिवंत राहणे हे त्याच्या कल्याणातच येते.

दुसरा आक्षेप अभियंत्यांकडून येतो: रस्ता नीट ठेवा, उतार सोळास एकपेक्षा तीव्र होऊ देऊ नका, बर्म उभारा, ढिगाऱ्याच्या कडेपासून दूर माल टाकून डोझरने ढकला; यंत्र उलटणारच नाही. यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे आणि हे सर्व आधी झाले पाहिजे. पण ही सगळी व्यवस्था रोज, प्रत्येक पाळीत, पावसातही चोख राहील असे मानावे लागते, आणि खाण ही रोज आकार बदलणारी जागा आहे. काल सुरक्षित असलेली कड आज ढिगाऱ्याची आतली बाजू असते आणि नवी कड अजून कोणी पाहिलेली नसते. चौकट मात्र पाळी बदलली म्हणून विसरत नाही.

तिसरे म्हणणे असे की सुरक्षित केबिनमध्ये बसलेला चालक बेफिकीर होतो. साठ टनी डंपर कडेवर नेणाऱ्या माणसाला आपण चौकटीच्या भरवशावर धाडस करतो आहोत असे वाटत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याला घाई असते ती फेऱ्यांची, कारण त्याची कमाई फेऱ्यांवर ठरते. बेफिकिरी कमी करायची असेल तर ती पद्धत बदलावी. त्याच्या डोक्यावरचे पोलाद काढून घेऊ नये.

आणि शेवटचा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमध्ये राजमहलच्या खुल्या कोळसा खाणीत माती-दगडाचा अख्खा उतार खाली आला आणि २३ माणसे यंत्रांसह गाडली गेली. तिथे कोणत्याही रॉप्सचा, फॉप्सचा उपयोग नव्हता. उतार स्थिर ठेवण्याचे काम चौकटीवर ढकलता येत नाही. पण डोंगर कोसळू शकतो म्हणून पलटीपासून वाचवू नये, असे त्यातून निघत नाही.

## आता कोणती संधी आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. खाण कायदा आणि बांधकाम कामगार कायदा, दोन्ही तिच्यात सामावले गेले. दोन कुंपणे निदान कागदावर एका छताखाली आली आहेत. या संहितेखाली नियम आणि मानके ठरतील तेव्हा खाण आणि बांधकाम यांसाठी पुन्हा दोन वेगळ्या याद्या करायच्या, की यंत्राच्या प्रकारानुसार एकच यादी करायची, हा निर्णय घेता येण्यासारखा आहे. माझे मत अर्थातच दुसऱ्या बाजूचे आहे: टिपर, रोलर, लोडर, डोझर, पोकलेन, ग्रेडर, प्रत्येकाला त्याच्या मानकाची चौकट आणि पट्टा, टायर की साखळी हा भेद नाही, मुरमाच्या उथळ खड्ड्याला सूट नाही, आणि जुन्या यंत्रांसाठी आधी वजनदार, मग हलकी अशी वर्षांची ठरलेली मुदत. पोकलेनसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक २००८ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे ते यंत्र वेगळे आहे ही सबब उरलेली नाही.

अपघाताच्या अहवालाचा नमुनाही बदलावा लागेल. यंत्र उलटून माणूस जखमी झाला किंवा मेला तर चार रकाने भरणे बंधनकारक असावे: चौकट होती का, तिच्यावर मानकाची पट्टी होती का, पट्टा बांधलेला होता का, वातानुकूलन चालू होते का. हे रकाने भरले की चालकाच्या चुकीपलीकडचे कारण पहिल्यांदा मोजले जाईल, आणि मालकाला चौकट का नव्हती याचे उत्तर द्यावे लागेल. विमा कंपन्यांनाही हीच माहिती हवी असते. ज्या यंत्राला चौकट आहे त्याचा हप्ता कमी ठेवायला त्यांना आधार मिळेल.

सरकारी कामे देणाऱ्या संस्थांना, म्हणजे मेट्रो महामंडळांना, महामार्ग विभागांना, कोळसा कंपन्यांना, यासाठी संहितेची वाटही पाहावी लागत नाही. निविदेच्या अटीत एक कलम पुरते: गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या चौकटीवरची पट्टी वाचून तिच्यावरचे कमाल वजन यंत्राच्या कागदाशी ताडून पाहावे; पट्टी नसेल, चौकटीला भोक किंवा वेल्डिंग असेल, पट्ट्याचे बक्कल तुटलेले असेल, तर यंत्र परत. ठेकेदाराचे असो वा उपठेकेदाराचे. आणि ते परत पाठवण्याचा लेखी अधिकार त्या पाळीवरच्या सर्वांत कनिष्ठ अभियंत्याला असावा, त्या दिवसाचे काम बुडले तरी त्याला जाब न विचारण्याच्या हमीसह.